घोड्यावरची शर्यत आणि आमचे सुभेदार आबा

विश्रामबागेत आदगोंडाच्या कापडदुकानात आम्ही म्हातारे जमलो, की चहा येतो आणि तसाच गार होतो. एकानं एक आठवण काढली की दुसऱ्याला दोन आठवतात. गिऱ्हाईक बिचारं गादीच्या कडेला बसून ऐकत राहतं! परवा एक बाई साडी घ्यायला आल्या आणि दीड तासानं नुसतं हसून गेल्या.

आता सांगतो ते सगळे किस्से दोनच दिवसांचे. आणीबाणीच्या आदल्या वर्षी साताऱ्याला दहा मैल पळायची शर्यत होती. पहिला येईल त्याला राज्याच्या संघात जागा. जागा एकच! आष्ट्याहून आम्ही तिघं गेलो होतो. मी, जैनाचा आदगोंडा आणि दत्ता. मी आणि आदगोंडा गर्दी वाढवायला. खरा घोडा दत्ता. त्याच्या वडलांनी बजावलं होतं, "ह्या वक्ती न्हाई जमलं, तर पळणं बंद. उसाला पाणी पाजायचं." त्यामुळं त्याचा जीव टांगणीला लागलेला.

बरोबर आमचे वस्ताद, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार आबा. शनिवारी सकाळी यष्टीतून उतरल्या उतरल्या त्यांनी ऑर्डर सोडली, "उद्या पायांची ड्यूटी. आज पायांना रजा! दिवसभर बसून ऱ्हायचं."

आता दिवसभर बसायचं कुठं? समोर मैदानात जत्रेतले पाळणेवाले उतरले होते. आबा म्हणाले, "चला. हितं बसायची सोय लय हाय!"

*

पहिल्यांदा आकाशपाळणा. आमचा पाळणा बरोब्बर टोकाला पोचला आणि खाली इंजिनानं मान टाकली.

पाळणेवाला ओरडला, "अर्धा तास लागंल!"

आदगोंडानं डोळे मिटून नवकार मंत्र सुरू केला. दत्ता म्हणाला, "आबा, मी दांड्यावरनं खाली उतरतो."

"खबरदार! उद्याचं पाय हायेत ते!"

वाऱ्यानं पाळणा कुरकुरायला लागला, तशी शेजारच्या पाळण्यातली माणसं बोंबलायला लागली. आबा ताठ बसले आणि परेडवरच्या आवाजात गरजले, "कुणी वरडायचं न्हाई! शिस्तीत लटकायचं!"

सगळा पाळणा गप्प. अर्धा तास आम्ही शिस्तीत लटकलो!

*

मग आरशांचा तंबू. एका आरशात दत्ताला स्वतःचे पाय दिसले वीतभर! हा पांढराफटक पडला. "आबा, पाय आखूड झालं वो!"

दुसरा असता तर हसला असता. आबांनी त्याचं बखोट धरलं आणि शेजारच्या आरशापुढं उभं केलं. त्यात पाय बांबूसारखे लांब.

"धा मिन्टं ह्याच्याकडंच बघ. आन् उद्या हेच पाय डोस्क्यात ठेव."

आदगोंडानं अगदी मनापासून विचारलं, "आबा, पाय डोस्क्यात ठिवल्यावर पळायचं कशानं?"

*

फोटोवाल्याकडं पुठ्ठ्याचं विमान होतं. त्यात बसून फोटो काढायचा. आम्ही तिघं दात काढून बसलो, आबा मधे.

फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा हसा."

आबा म्हणाले, "कारण?"

त्या माणसानं बराच विचार केला. कारण काही सापडलं नाही. फोटो तसाच काढला!

*

आदगोंडा दिवस मावळल्यावर जेवत नाही. म्हणून आबांनी त्याला पाच वाजताच खानावळीत बसवलं. "रातचं आन् सकाळचं, दोन्ही आत्ताच भरून घे."

आदगोंडा आज्ञाधारक! चपात्या येत होत्या आणि जात होत्या. बाराव्या चपातीला मालक स्वतः बघायला आला.

"पावणं कुठलं?"

मी म्हणालो, "आष्ट्याचं. उद्या शर्यत हाय."

"कसली? जेवायची?"

"न्हाई, पळायची," आदगोंडा भरल्या तोंडानं म्हणाला.

मालकानं रिकाम्या टोपल्याकडं बघितलं आणि हात जोडले. "मग आत्ताच पळा की!"

*

शेवटी लाकडी घोड्यांचा गोल पाळणा. दत्ता घोड्यावर बसला आणि समोर बघतो तो काय, पुढच्याच घोड्यावर वाईचा गणपत! गेल्या वर्षीचा पहिला नंबर. तोसुद्धा पायांना रजा देऊन आलेला.

पाळणा फिरायला लागला. दत्ता घोड्याच्या मानेवर वाकला. टाचा मारायला लागला. पाच फेऱ्या झाल्या, तसा रडकुंडीला येऊन ओरडला, "आबा, गाठता येईना वो!"

आबा खालून ओरडले, "आरं, घोडा बदल!"

गणपतच्या पुढचा घोडा रिकामा होता. दत्तानं चालत्या पाळण्यात उडी मारून तो पकडला आणि दोन्ही हात वर केले. जिंकला!

गणपत गंभीरपणे खाली उतरला आणि पाळणेवाल्याला म्हणाला, "ह्यो फाऊल हाय."

पाळणेवाल्यानं दोघांकडं बघितलं आणि निकाल दिला, "घोडी माजी हायेत. दोघंबी बाद!"

*

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. दत्ता काय पळाला! नवव्या मैलाला त्यानं गणपतला मागं टाकलं. शेवटच्या वळणावर तो एकटाच दिसला, तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. मी तिथं कसा? माझा पाय चौथ्या मैलालाच मुरगळला होता. एका टांगेवाल्यानं आबांपाशी आणून सोडलं.

आता आमच्या आष्ट्यात शर्यतीची शेवटची रेघ चुन्यानं मारत. साताऱ्यात लाल रेशमी फीत बांधलेली. दत्तानं तसली फीत आयुष्यात एकदाच बघितली होती, सोसायटीच्या पिठाच्या गिरणीच्या उद्‌घाटनाला.

तो फितीपाशी आला आणि थांबला! छाती भात्यासारखी वरखाली होतेय, घाम निथळतोय. प्रमुख पाहुण्यांना नमस्कार करून म्हणाला, "सायेब, कापा."

पाहुणे गोंधळले. खिसे चाचपायला लागले. कुणीतरी समोरच्या शिंप्याकडं कात्री आणायला धावलं.

आबा बेंबीच्या देठापासून ओरडले, "दत्त्या, घूस!"

"आवं आबा, पावण्यांचा मान हाय!"

तेवढ्यात गणपत आला. दत्ता थांबलाय म्हटल्यावर काहीतरी कारण असणार, म्हणून तोही त्याच्यामागं रांगेत उभा राहिला.

शिंपी कात्री घेऊन रस्ता ओलांडत होता. आणि वळणावरून, डोळे मिटून, तोंडानं मंत्र म्हणत, आदगोंडा आला. रांगेच्या शेजारून सरळ निघून गेला, फीत गळ्यात अडकवून, पार पुढच्या चौकापर्यंत!

एक शिपाई त्याला सायकलवरून परत घेऊन आला. पाहुण्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "शेवटी एवढा जोर आणलात कुठून?"

आदगोंडा म्हणाला, "जोर न्हाई वो सायेब, थांबायचं कुठं ते कुणी सांगितलंच न्हाई!"