खुडलेला शेंडा

आमच्या बागेतल्या टानेचा शेंडा मी स्वतःच्या हाताने खुडला होता, हे आधीच कबूल करते. टाने म्हणजे इकडच्या, जर्मन मुलखातल्या डोंगरातलं सूचिपर्णी झाड, घराच्याही वर जाणारं. तेव्हा ते माझ्या कमरेइतकं होतं आणि माझी अक्कल त्याहून बुटकी. तुळशीचा शेंडा खुडला की ती कशी डेरेदार होते! मग हे का नाही होणार? चिमटीत धरला आणि कट्! वर ह्यांना ऐटीत म्हणाले, "बघा आता कसं फुटतं!"

ह्यांनी झाडाकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. कारण रोप शेजारच्या आजोबांनी दिलेलं. जन्मभर जंगलखात्यात काढलेल्या माणसाने बी रुजवून कितीतरी वर्षं ते सांभाळलं होतं. त्यांच्या चिमुकल्या बागेत जागा नव्हती, म्हणून आमच्या कोपऱ्यात लावलं. ते मोठं झालेलं डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा.

आजोबा आले. झाडापाशी उकिडवे बसले. खुडलेल्या टोकावरून बोट फिरवून म्हणाले, "का?"

माझ्या मोडक्या जर्मनमध्ये तुळस कुठून सांगू? म्हटलं, "आमच्याकडे असंच करतात."

"असं होय. झाडाला ते माहीत नाही."

मग त्यांनी काठी मागितली आणि मऊ चिंधी. मी जुन्या सुती साडीची पट्टी फाडून दिली. वरची एक आडवी फांदी त्यांनी काठीला बांधून उभी केली. "हे झाड एकाच शेंड्याने वर जातं. ही होईल नवा शेंडा. कदाचित."

त्या 'कदाचित'पायी मी दोन वर्षं रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यापुढे उभी. मुलांच्या अभ्यासाकडेही एवढं लक्ष दिलं नसेल. तिसऱ्या वसंतात चिंधी सोडली. फांदी खाली आली नाही.

आज ते छपराच्याही वर गेलंय. करडं, गुळगुळीत खोड. पानांच्या पोटाशी दोन पांढऱ्या रेघा. बघताना मान दुखते, पण नजर निघत नाही. फक्त कमरेच्या उंचीला खोडात एक बाक आहे. पाहुण्यांना मी तो दाखवत नाही.

गेल्या शरदात पहिल्यांदाच शंकू धरले, अगदी टोकाला, मेणबत्त्यांसारखे ताठ उभे. नव्वदी ओलांडलेल्या आजोबांना हाताला धरून आणलं. ते मान मागे टाकून बघत राहिले, टोपी पडली तरी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुम्हाला शिडी लागेल. तरीपण, बाई, लांबच राहा."