एक लांब ओढ

तळाशी गेल्यावर टॉर्च लावला, तर समोर नुसता चहा. दूध जास्त झालेला. मुंबईच्या समुद्रात हे नेहमीचंच. इथं आम्ही पाणबुडे डोळ्यांपेक्षा हातांनी काम करतो.

मासे वाढावेत म्हणून वरळीच्या पुढे तळाशी काँक्रीटचे पोकळ ठोकळे सोडलेत. याला कृत्रिम रीफ म्हणतात. त्यांवर काय उगवलंय, त्याचे जवळून फोटो काढायचे होते. बोटीवर क्लायंटचे साहेब होते. म्हणाले, "करंट वाढायच्या आत आटपा. मला आज काहीतरी दाखवावं लागेल."

"ते पाण्याला सांगा, सर," मी म्हणालो. पूर्वी हे सदा म्हणाला असता.

सदा घोडपदेवचा. माझा टेंडर, म्हणजे माझ्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक बोटीवर धरून बसणारा. पाण्याखाली बोलता येत नाही, दोरी ओढून सांगायचं. एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे सैल सोड, तीनदा म्हणजे वर येतोय. बरीच वर्षं वरचं टोक सदाच्याच हातात होतं. गेल्या पावसाळ्यात तो काविळीने गेला. आता तिथं नायगावचा प्रफुल्ल बसतो. नेव्हीतून रिटायर झालेला, कामाला पक्का.

पहिल्याच ठोकळ्यापाशी पाय अडकला. चाचपलं, तर तुटलेलं मासेमारीचं जाळं. यात घाबरायचं नसतं. दोरी सैल हवी, मग सुरीने एकेक धागा कापायचा. मी दोरी एकदाच लांब, सावकाश ओढली.

दोरी उलट ताठ झाली. जाळं घोट्यात रुतलं. मी पुन्हा तशीच ओढली. प्रफुल्लने वरून आणखी खेचलं. हवेच्या गेजचा काटा तांबड्याकडे सरकत होता. श्वास जोरात घेतला की हवा भराभर संपते, हे मी इतरांना शिकवतो.

मग लक्षात आलं. ही लांब ओढ सिग्नलच्या कुठल्याच चार्टमध्ये नाही. 'काम चालू आहे, दोरी सोड, घाई करू नकोस', एवढं सगळं तिच्यात होतं, पण ते फक्त सदाला कळायचं.

दोनदा ओढलं. आखूड, स्पष्ट. दोरी लगेच सैल झाली. जाळं कापलं, तीनदा ओढलं, वर आलो.

प्रफुल्लचा चेहरा पांढराफटक. "अहो, काय भानगड होती ती? मला वाटलं, तुम्ही बुडताय!"

"चूक माझी. जुना सिग्नल होता."

"मग सांगायचं ना! वहिनींना काय तोंड दाखवलं असतं मी?"

साहेबांनी विचारलं, "फोटो?"

"एकही नाही."

"मग मी दाखवू काय?"

प्रफुल्लने माझ्या पायातला जाळ्याचा तुकडा सोडवला आणि त्यांच्या हातात दिला. "हे दाखवा."

आता बोट सुटण्याआधी आम्ही दोघं डेकवर दोरीचं एकेक टोक धरून सगळे सिग्नल करून बघतो. दोघांना येतात तेवढेच खाली न्यायचे. लांब ओढ ठेवायची का, असं प्रफुल्लने एकदा विचारलं होतं.

मी नको म्हणालो.