पत्राच्या दोन दिवस आधी

दोन हजार एकोणीस साल होतं आणि मले सदुसष्टावं लागलं होतं. म्हणजे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हे आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, पोराले नाही. चौथी शिकलेला माणूस, लिहायले वेळ लागते. पण तोंडानं सांगायले गेलो की जीभ दुसरीकडेच वळते, म्हणून लिहून राहिलो.

चांदूर बाजारच्या रस्त्याले सलीमचं वावर आणि माहं वावर, मधात एक धुरा. तीस वर्षांचा शेजार. माह्याहून पंधरा वर्षांनी लहान, मले काका म्हणे. त्याच्या चार म्हशी, माह्या दोन गाई आणि बैलजोडी. त्या साली मुरघासाची योजना आली. हिरवा मका कापायचा, कुट्टी करायची, विटांच्या हौदात दाबून भरायची, वरून प्लास्टिक. हवा लागली नाही तर उन्हाळाभर चारा पुरते. तपासणीत पास झालं की कुट्टीची नवी मशीन भेटणार होती. दोघांनीही हौद बांधले, अर्ज केले. एक नियम मात्र पक्का — मंजुरीचं पत्र यायच्या आधी हौद भरायचा नाही.

आता मका काय पत्राची वाट पाहते? दाणा चिकात आला की थोडेच दिवस, त्यात कापला तर कापला. सलीमनं एका सकाळी आभाळ पाहिलं आणि धुऱ्यावरून हाक मारली.

"काका, हवा फिरली. मी मशीन भाड्यानं आणून राहिलो. दोघांचाही आजच कापून टाकू, पत्र येत राहीन."

"तू काप लेका. मी सरकारी कागदाबिगर विळा लावत नाही."

"कागद भिजत नाही काका, मका भिजते."

मजूर हसले. ते हसणं मले झोंबलं — एवढंसं हसणं! "तुले योजना पायजे, नियम नाही पायजे," मी सगळ्यायच्या समोर म्हटलं. तो मशीन आणायले गेला. दिवसभरात कापला, भरला, ट्रॅक्टर फिरवून दाबला, झाकला.

दोन दिवसांनी पत्रं आली, दोघांचीही. त्याच दुपारी पाऊस लागला, तो चार दिवस हटला नाही. माहा मका आडवा झाला, चिखलात काळा पडला, वास सुटला. मी ओट्यावर पत्र घेऊन बसलो होतो.

पाऊस उघडला तसा सलीम आला. मी वाट पाहत होतो टोमण्याची. तो म्हणाला, "काका, माह्या हौदात लय हाय. उन्हाळ्यात तुमच्या बैलायले तिथूनच न्या."

याच्यात राग येण्यासारखं काय होतं? अजून शोधतो. टोमणा मारला असता तर मी त्याले शिवी दिली असती आणि विसरलो असतो. पण त्यानं देऊ केलं — मले! ज्याले मी मजुरायसमोर नियम शिकवला त्यानं!

तपासणीचे साहेब आले त्या दिवशी सलीम म्हशीचं औषध आणायले अमरावतीले गेला होता. साहेबांनी भरलेला हौद पाहिला, पत्रावरची तारीख पाहिली, फोटो काढला आणि गाडीकडे वळले. मले कोणी काही विचारलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा — कोणी विचारलं नव्हतं. मी धुरा ओलांडून गेलो. हाक मारली.

"साहेब, हा हौद पत्राच्या दोन दिवस आधी भरला. मी पाहिला."

साहेब तरणा होता. जरा थांबला. "पाऊस डोक्यावर होता ना काका तेव्हा. राहू द्या."

सुटायची वाट करून देली त्यानं मले. मी काय केलं? "कागद आणा, सही करतो," म्हटलं. माही सही मोठी झोकदार आहे. केली.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जन्मभर मी छाती ठोकून सांगत आलो, मी खोटं बोलत नाही. पण तो घरी नाही हे पाहून गेलो होतो ना मी? माहा हौद रिकामाच राहिला, मलेही काही भेटलं नाही. त्याचं गेलं, एवढंच मले पायजे होतं.

त्याचं नाव कटलं. मशीन आली नाही. त्याच हिवाळ्यात कडबा कापताना जुन्या हातचाकाच्या कुट्टीत त्याच्या बायकोची, रशीदाची, उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवे, माह्या बायकोचेही. आता शिवत नाही. मी दिसलो की डाव्या हातानं डोक्यावर पदर घेते. नवी मशीन असती तर बोटं राहिली असती का — हे मी कोणाले विचारू?

आणि इतकंच असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं.

सही केली त्या संध्याकाळी साहेबांनी सलीमले फोन केला — कोणीतरी लिहून दिलं, नाव थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माह्या दारात. "काका, कोणीतरी चुगली केली. तुमी संग चला. तुमच्या शब्दाले वजन हाय." मी टोपी घातली आणि त्याच्या गाडीवर मागं बसलो. चांदूर बाजारच्या कचेरीत बाबूच्या टेबलावर तो कागद वरच होता. बाबूनं माह्या सहीवर तळहात ठेवला आणि माह्याकडे पाहत राहिला. मी मोठ्यानं बोललो. इमानदार माणूस आहे म्हटलं, पावसाचं कोण काय करते म्हटलं, टेबलावर हात आपटला. बाबूनं तो कागद फायलीत घालून टाकला. बाहेर आलो तर सलीमचे डोळे भरलेले. "लय बोलले काका तुमी माह्यासाठी," म्हणाला आणि समोरच्या टपरीवर त्यानं मले चहा पाजला. मी बशीत ओतला, फुंकला, सगळा प्यालो.