मैनमुळाचं लोणचं आणि पाण्याखालचा उंबरा

माझी नात बारामतीच्या कॉलेजात पेशींवर काम करते. मागच्या पावसाळ्यानंतर मी सांगवीहून तिला भेटायला गेले, तर हातातली शेवग्याच्या शेंगांची पिशवीसुद्धा न घेता तिनं आधी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. पाहते तर काय, संथ पाण्यात दिवे सोडावेत तसे गोल गोल थेंब चमकत होते.

"हे काय गं, रश्श्यावरचा तवंग?"

"चरबी आहे आजी. एकेक पेशी म्हणजे धान्याऐवजी चरबी साठवलेली कणगीच. आता ही दुसरी बशी बघ."

दुसऱ्या बशीतले थेंब बारके झाले होते, काही पेशी तर रित्याच वाटत होत्या. तिच्यात मैनमुळातलं द्रव्य घातलं होतं म्हणे. ते पेशीच्या आत निरोप धाडतं आणि मग साठवलेली चरबी तुटून बाहेर निघते.

मैनमूळ! अहो, ते तर आमच्या परसात. पान पानओव्यासारखं, फूल जांभळं, खाली बोटाएवढी मुळं. लिंबाच्या रसात त्यांचं लोणचं घालते मी दरवर्षी. एसटीत बसले आणि गाव येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं ते दिवेच तरंगत राहिले. एक लहान व्हायचा, मग दुसरा.

घरी माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या ना! मी त्यांना अक्का म्हणते. अंगानं भारी, गुडघे दुखरे. वजन उतरवा, मग चालाल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि अक्कांना चालायचं होतं ते एकाच जागी. त्यांचं माहेर इंदापूरकडचं, त्यांच्या लहानपणीच धरणाच्या पाण्यात गेलेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या गावाचे चौथरे उघडे पडतात. गाडी काठापर्यंत जाते, पुढची वाळलेल्या गाळाची वाट पायीच तुडवायची. "एकदा आईच्या उंबऱ्यावर बसायचं हाय," एवढंच त्या म्हणत.

मी बरणी त्यांच्यापुढं ठेवली.

"बशीत झालं ते माझ्या प्वाटात हुईल व्हय गं?"

"खाऊन तर बघा, अक्का."

दोन्ही वेळच्या भाकरीबरोबर लोणचं, असा नेम मी लावला. रोज त्यांच्याकडं बघायचे आणि मला आतल्या कणग्या रित्या होताना दिसायच्या. संक्रांतीला टोमॅटोचे क्रेट तोलायच्या काट्यावर त्यांना उभं केलं, तर काटा वर गेलेला! पायही सुजलेले.

"असं कसं झालं?" मी म्हटलं.

"लोणचंच असलं झालंय की एकाच्या दोन भाकरी जात्यात. मी काय करू?"

नात सणाला आली होती. आधी पोट धरून हसली, मग तिनं अक्कांचे पाय दाबून पाहिले आणि तिचं हसू गेलं. "आजी, यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत आणि तू मीठ चारतेस? आधी डॉक्टरांकडं ने. आणि बशीतल्या पेशींना आम्ही मोजून खाऊ घालतो. चरबी सुटली तरी ती जाळावी लागते, नाहीतर परत कणगीत जाऊन बसते."

"मग जाळायची कशी?"

"चालून. भूक लागली, चाललं की शरीर आपणहून तोच निरोप पेशीला धाडतं. मुळाची गरजच नाही."

अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हंजी मला चालायचं, आन् तुझं लोणचं फुकट!"

डॉक्टरांनी मीठ तोडलं, हळूहळू चाला म्हणाले. बरणी माळ्यावर गेली. रोज उजाडताना आम्ही दोघी कॅनॉलच्या कडेनं निघायचो, आधी चिंचेपर्यंत, मग मोरीपर्यंत. उसावर धुकं असायचं, पाणी शेजारून गुपचूप चालायचं. अक्का मध्येच थांबून विचारायच्या, "गेला का गं निरोप?" मी म्हणायचे, "गेला, गेला. दारं उघडायला लागलीत." काटा थोडाच खाली आला. पण पायांची सूज गेली, गुडघे कुरकुरत का होईना ऐकू लागले.

मे महिन्यात पाणी खरंच फार खाली गेलं. माझ्या मोठ्या मुलानं गाडीनं आणून आम्हाला काठाशी उतरवलं. समोर भेगाळलेला गाळ, लांब पाण्यात गुलाबी पक्षी उभे, आणि मधे काळे चौथरे, झोपेत दिसावेत तसे. अक्का काठी टेकत निघाल्या. चार वेळा थांबल्या. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "माघारी फिरायचं का?" तर त्यांनी काठी पुढं टेकली.

एका चौथऱ्यापाशी त्यांनी काठीनं गाळ खरवडला. खाली जात्याची तळी निघाली आणि तिच्या अलीकडं झिजलेला लांब दगड. त्यावर त्या हळूच टेकल्या, हातानं दगड पुसत राहिल्या. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं ऊन आणि वारा. मी तशीच पुढं पाय टाकला.

"अगं, चप्पल काढ की," अक्का म्हणाल्या. "आईनं आत्ताच सारवलंय."

मी चप्पल काढली आणि आत गेले.