ओढून बघ, मग दे

आमच्या घराण्यात कोणाचं बी-१२ कमी निघणं ही बदनामीच. जन्मभर बांगडे खाल्लेल्या माणसाला ते कमी पडावं? डॉक्टर म्हणाले, तुमच्या पोटात ते शोषलंच जात नाही, आता कायम इंजेक्शनं घ्यायची. घरी येऊन सांगितलं तर ताई म्हणाली, "मेल्या, लपून घासफूस खातोस की काय?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जन्मभर नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून लालबागला आमच्याकडेच असते. सुरुवातीला इंजेक्शन तीच द्यायची. पन्नाशी उलटलेला मी उशी दातात धरून पालथा पडायचो आणि बायको नेमकी त्याच वेळी भाजी आणायला जायची. हसू आवरत नसे म्हणून.

मग ताईचा हात थरथरायला लागला. एका रविवारी तिने औषध भरलं, सुईच्या टोकाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि सिरिंज माझ्या हातात दिली.

"आता तुझं तू घे. मांडीत, बाहेरच्या अंगाला. शिकवते."

तिचा नियम एकच. सुई आत गेली की दट्ट्या जरा मागे ओढायचा. रक्त आलं तर सुई शिरेत गेली, काढून टाकायची. नाही आलं तर औषध सोडायचं. पण हे औषध कोकम सरबतासारखं लालभडक.

"ह्यात रक्त दिसणार कसं?"

"औषधाचं लाल वेगळं, रक्ताचं वेगळं. रक्त दोऱ्यासारखं येतं, काळपट. तुला नाही कळायचं ते. तू ओढ, मी बघते."

पुढे दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला वेड्यात काढलं. "काका, मांडीत त्या जागी मोठी रक्तवाहिनी नसते. ओढून बघायची गरज नाही. उगाच सुई आत हलते, दुखतं." मी घरी येऊन हे बोलून मोकळा झालो. माझ्या पोटात बी-१२ राहत नाही, तसं काहीच राहत नाही. पुढच्या रविवारी ताई माझ्या शेजारी येऊन बसली नाही, स्वयंपाकघरात लसूण सोलत राहिली.

मी हाक मारली, "ताई, ये गं. मला ते लाल कळत नाही."

ती हात पुसत आली आणि स्टूल ओढून बसली. तेव्हापासून मी दर वेळी ओढत आलो. दुखायचं थोडं. पण ती वाकून बघायची, "स्वच्छ आहे, दे" म्हणायची आणि तेवढा वेळ पुन्हा ड्युटीवर असायची.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दट्ट्या ओढला आणि औषधात एक काळपट दोरा वळत वळत वर आला. मला, अगदी मलाही, लख्ख दिसला.

"ताई?"

ती वाकली. चष्मा होता. तोंड सिरिंजकडेच होतं.

"स्वच्छ आहे. दे."

मी सुई काढली, कापूस दाबला आणि म्हणालो, "झालं."

"बघ, दुखलं नाही," ती म्हणाली. ती उठून गेल्यावर मी ती भरलेली सिरिंज गुपचूप टाकून दिली.

माझ्या चष्म्याचा नंबर काढायचाय असं सांगून मी तिला दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे तिचेही डोळे तपासून घेतले; डोळ्यांचा पडदा गेला होता. आता फार काही करता येण्यासारखं नाही, म्हणाले. हे ताईला नवीन नव्हतं. चार-पाच महिन्यांपूर्वीच तिला कळून चुकलं होतं.

परतताना टॅक्सीत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"एक विचारू? मी दे म्हटलं तेव्हा कधी रक्त आलं होतं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही आलं, ताई. एकदाही नाही."

परळ आलं तेव्हा तिने पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "यापुढे ओढू नकोस. ती पोरगी सांगते ते बरोबर असेल."

आता मी आतल्या खोलीत बसून सुई टोचतो आणि सरळ औषध सोडतो. अर्ध्या मिनिटाचं काम. बाहेरून ताई विचारते, "दिलंस?"

"दिलं," मी म्हणतो.