देवाच्या फोटोमागचा पासवर्ड

पासवर्ड या शब्दाची मला शिसारी बसली आहे. वीसेक वर्षं मी याच शब्दावर पोट भरतो, कचेऱ्यांमधून नेटवर्क लावतो, त्याची राखण करतो, आणि तरीही कुणी हसत हसत ‘साहेब, पासवर्ड काय ठेवू?’ असं विचारलं की मी दुसरीकडे बघतो. हल्ली मोबाइलवर आकडा येतो आणि तो टाकल्याशिवाय आत जाता येत नाही. लोक याला मोठी सुधारणा म्हणतात. म्हणोत बापडे. मला ती लागली तेव्हा नव्हती, आणि असती तरी आम्ही तो मोबाइल टेबलावर ठेवूनच चहाला गेलो असतो.

मी मुरबाडकडचा. कल्याणला डिप्लोमा केला आणि शहापूर तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेत ‘कॉम्प्युटर सर’ म्हणून चिकटलो. संस्थेची शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि मुलींचं वसतिगृह एकाच आवारात होतं. तोवर तिथे प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या टेबलावर एकटा असायचा आणि माहिती फ्लॉपीत घालून या खोलीतून त्या खोलीत नेली जायची. मग संस्थेला नेटवर्क हवं झालं. सगळीकडे होतंय, आपल्याकडेही पाहिजे. मी पत्र्याच्या छताखालून केबली ओढल्या आणि सर्व्हर ठेवायला मला जागा मिळाली ती वसतिगृहाच्या तांदळाच्या कोठीची. उंदरांच्या लेंड्या, कुजट वास, आणि केबल भिंतीतून जिथे आत येत होती त्या कोपऱ्यात कुणीतरी रोज नेमानं गुटखा थुंकायचं. लाल रंगाचे ओघळ थेट केबलवरून उतरायचे. मी ते फडक्यानं पुसायचो, दुसऱ्या दिवशी परत ताजे.

दसऱ्याला पूजा झाली. हळदकुंकू कीबोर्डच्या फटींत गेलं, नारळाचं पाणी सर्व्हरच्या अंगावर उडालं. नंतर मी छोटंसं भाषण ठोकलं. आता प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड असेल, कुणी काय बदललं, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून, याची नोंद मशीन आपोआप ठेवेल. शेवटी जोरात म्हणालो, “माणूस खोटं बोलेल, मशीन बोलणार नाही.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

पासवर्डांचं काय झालं ते सांगतो. तंबाखू मळताना शेजाऱ्याकडे चुना मागावा, तसे लोक एकमेकांकडे पासवर्ड मागायचे. “जरा तुमचा सांगा, माझा चालत नाय.” नाही म्हणणं हा अपमान. मी हेडक्लार्क भाऊसाहेबांना समजवायला गेलो, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “सर, आमी सगळी घरची मान्सं. आपापसात कुलपं लावायची म्हंजे काय चोर हाव का आमी?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं कळतही होतं. आमच्या घरी शेतावर जाताना दाराला कुलूप लागायचं आणि किल्ली वळचणीत खोचली जायची. ती तिथे आहे हे अख्ख्या आळीला ठाऊक असायचं. पाहुणा आला तर शेजारीण ती काढून दार उघडून द्यायची. कुलूप माणसांसाठी नसायचंच, गुरांसाठी आणि कुत्र्यांसाठी असायचं.

तेव्हा त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. कारण पुढे पौषात आमच्याकडच्या म्हसा गावची जत्रा आली. म्हशाची जत्रा मी लहानपणापासून चुकवलेली नाही. बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, चुलत्यांचा तिथला मुक्काम. भाऊसाहेब म्हणाले, “तुमी दोन दिस जत्रंत, आनि हिकडं मशीन अडलं तर?” मी एका कागदाच्या कपट्यावर माझा स्वतःचा पासवर्ड लिहिला, सगळी दारं उघडणारा, आणि कार्यालयात लावलेल्या देवाच्या फोटोमागे खोचला. “अडलं तरच काढा,” म्हणालो. वळचणीत किल्ली खोचली आणि जत्रेला गेलो. परत आल्यावर तो कपटा काढायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मला सोयीचंच होतं. छोट्या-मोठ्या अडचणीला मुरबाडहून एसटीनं धावत यावं लागत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये वसतिगृहाचे अर्ज आले. डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई दहावी पास झालेल्या मुलीला घेऊन आली होती. दिवाळी झाली की घरची सगळी वीटभट्टीवर जायची, पाड्यावर मागे म्हाताऱ्यांशिवाय कुणी उरायचं नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर मुलगी अकरावी करणार, नाहीतर तीही भट्टीवर. इतका साधा हिशेब. पोरगी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा टक लावून बघत होती. मार्कांप्रमाणे यादी मशीननंच लावली आणि तिचं नाव वर, सातवं आलं. मी उत्साहात बाहेर जाऊन सांगितलं, “नाव लागलं.” बाई दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांत बांधून करटुली घेऊन आली. मी घेतली. घरी भाजी केली, चांगली झाली होती.

सोमवारी फळ्यावर यादी लागली. सातवं नाव दुसरंच होतं. भिवंडीकडची, एका संचालकांची भाची, जिला रोज मोटारीतून सोडायला माणूस होता. मार्क निम्मे.

मी तापलो. धावत कोठीत गेलो, मशीनची नोंद काढली. आता कोण ते कळणार, आणि कळलं की सोडायचं नाही. नोंद लख्ख होती. शनिवारी दुपारी, कार्यालयातल्या पुढच्या कॉम्प्युटरवरून, एक नाव काढलं, एक घातलं. करणारा कोण? मी.

त्या शनिवारी दुपारी मी मुरबाडला घरी होतो. कार्यालयातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मी कागद घेऊन भाऊसाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली, परत दिला. “यात तर तुमचंच नाव हाय, सर.”

“मी इथं नव्हतो. तुम्हाला माहीत आहे.”

“आमाला म्हाईत असून काय उपेग? मशीन खोटं बोलत नाय. तुमीच सांगतलं व्हतं दसऱ्याला.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. चहा आला. मलाही कप दिला, आणि मी तो प्यायलो. भिंतीवर फोटो होता, त्याच्या मागून कपट्याचं टोक दिसत होतं. भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला. “पासवर्ड बाहेर ठेवला म्हनून सांगाल, तर नोकरी तुमचीच जाईल. गडबडीत चूक झाली म्हना, प्रकरन मिटंल.”

मी फोटोमागचा कपटा काढला, खिशात घातला, कोठीत जाऊन पासवर्ड बदलला. बस्स, एवढाच माझा पराक्रम. ते नाव परत घालायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण यादीवर सह्या झाल्या होत्या, माझी नोकरी नवी होती. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला दिली होती, आणि आज ती लिहितानाही तोंड कडू होतं. पुढच्या सभेत ‘सुरक्षा कडक केल्याबद्दल’ माझं अभिनंदन झालं.

बाई आली ती गुरुवारी. मुलगी सोबत होती. भाऊसाहेबांनी बाईला आधीच सांगून ठेवलं होतं, कॉम्प्युटरवाल्या सरांकडून चुकलं म्हणून. ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तुमी मुद्दाम नाय केलं, मला ठावं हाय. तुमीच तर सांगाय आलता. चुकलं आसंल, व्हय ना?”

मुलगी माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी पडद्याकडे बघत होती तशीच.

मशीनमधली नोंद तोवर खोटी होती. मी म्हणालो, “हो बाई, माझ्याकडूनच चुकलं,” आणि ती खरी केली.