सावलीतला भुईचाफा

सुभानपुऱ्यातल्या निरुपमा शिर्के शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण आवाजातला ठामपणा तसाच राहिला. बाजूला उंच इमारत उभी राहिली आणि त्यांच्या अंगणातलं ऊन कायमचं गेलं. गुलाब वाळले, मोगऱ्याला कळी धरेना.

"आता फरशी घालून टाकू," त्यांचे यजमान गजेंद्रराव म्हणाले. "गाडी तरी आत राहील."

"सावलीत येणारं काय कमी आहे?" म्हणत निरुपमाबाई घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या मोहनाकडे, आपल्या जुन्या मैत्रिणीकडे गेल्या आणि भुईचाफ्याचे कंद घेऊन आल्या. पावसाळाभर रुंद, चितकबरी पानं डोलली. थंडीत मात्र सगळी सुकली आणि नुसती माती उरली.

"गेला तुझा चाफा."

"झोपलाय. होळीला उठेल. आधी फूल, मग पानं, अशी रीत आहे त्याची."

गजेंद्ररावांना काही पटलं नाही. फेब्रुवारीत बाई खंडेराव मार्केटला गेल्याचं पाहून त्यांनी फरशीवाल्याला बोलावलं. बाई भाजी घेऊन परतल्या, तर अर्धं अंगण खणलेलं आणि ढिगाऱ्यात कंदांचे तुकडे! पिशव्या तिथेच ठेवून त्या फरशीवाल्याला गुजरातीत म्हणाल्या, "भाई, काम बंध करो." मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मला विचारायचं तरी!"

"मला खरंच वाटलं, मेलंय सगळं."

"डोळा शाबूत असला की तुकडाही फुटतो. चला, खुरपं घ्या."

संध्याकाळपर्यंत दोघांनी तुकडे निवडून पुन्हा लावले. होळी आली नि गेली. गजेंद्रराव रोज सकाळी वाकून बघत आणि खजील होऊन आत येत. बाई निवांत होत्या. बेताचं पाणी घालत राहिल्या.

पाडव्याच्या सकाळी अंगणातून हाक आली, "निरू, लवकर बाहेर ये!"

उघड्या मातीतून, देठ नाही की पान नाही, पांढरी-जांभळी फुलं वर आली होती. न खणलेल्या भागात दाट, खणलेल्या भागात मोजकीच. पण वास पायरीपर्यंत दरवळत होता.

शेजारच्या इमारतीतली तळमजल्यावरची प्राची कुंपणाशी आली. "आंटी, आ शुं छे? कसली फुलं ही? आमच्या मागच्या पट्टीत तर ऊनच येत नाही. तिथे होईल?"

"होईल म्हणजे? होणारच!" निरुपमाबाई म्हणाल्या. "पावसाच्या तोंडाशी मी स्वतः येऊन लावून देईन. तोवर माती मोकळी करून ठेव."